धास्तीचा इलाज

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, अँजिओप्लास्टी झाली, चार-पाच दिवसांनी रुग्ण घरी सुटला, की हातात एक कागद पडतो. कोणत्या रक्तवाहिनीत किती टक्के ब्लॉकेज होते, टूडी इकोमध्ये हृदयाची ताकद किती निघाली, सकाळच्या गोळ्या, रात्रीच्या गोळ्या, पुन्हा कधी दाखवायला यायचे, हे सगळे त्यावर असते. घरच्यांना त्या रात्री जे विचारायचे असते ते नसते. जिना चढू द्यायचा का? न्हाणीघराला आतून कडी लावू द्यायची का? घरात वाद झाला तर त्यांच्या छातीवर ताण येईल का? नातवाला कडेवर घेतले तर? आणि सगळ्यांच्या मनात असलेला, कोणी न विचारणारा प्रश्न: पुन्हा येणार का?

उदाहरण म्हणून उमेळे गाव घेऊ. वसईच्या वाड्या आणि बावखलांच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांच्या, पट्ट्यातले हे जुने गाव आता वसई-विरारच्या वाढत्या शहराने वेढले आहे. जवळचे स्टेशन नायगाव. इथला नोकरदार माणूस लोकलने वसई खाडीचा पूल ओलांडून रोज मुंबई गाठतो. त्याच्यासाठी बरे होणे म्हणजे पुन्हा रेल्वेचा पूल चढणे, गर्दीच्या डब्यात शिरणे, संध्याकाळी त्याच वाटेने परत येणे. हृदयाचे स्नायू त्याला तयार असतात, मन नसते. इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासाच्या माहितीवरून २००७ मध्ये एक निष्कर्ष मांडला गेला: दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास येतो, इतर देशांतल्यांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी. म्हणजे नोकरी चालू असते, घराचे हप्ते चालू असतात, मुलांची शिक्षणे व्हायची असतात. अशा माणसाला ‘आता आराम करा, टेन्शन घेऊ नका’ एवढेच सांगून घरी पाठवणे मला अपुरेच नव्हे, अन्यायाचे वाटते. गेल्या सत्तर वर्षांच्या संशोधनातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. झटक्यानंतरची धास्ती नुसत्या धीराच्या शब्दांनी जात नाही. ती जाते ती काही ठरावीक कामे माणसांच्या सोबतीने करून.

आरामाचे हे वेड वैद्यकानेच लावलेले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत झटका आलेल्या रुग्णाला चार ते सहा आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावत. कुशीवर वळायलासुद्धा मदत घ्यायची. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना पहिल्या काही दिवसांतच उचलून खुर्चीत बसवण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. अनेकांना तो जिवाशी खेळ वाटला होता. खुर्चीत बसवल्याने मृत्यू वाढले नाहीत. उलट त्यांची उमेद टिकली, पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका घटला. तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५५ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. त्यांचे डॉक्टर पॉल डडली व्हाइट यांनी आजार लपवला नाही, पत्रकारांना तपशिलाने समजावून सांगितला. पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर पुन्हा निवडणूक लढवून जिंकले. झटक्यानंतर माणूस पूर्ण वेळ काम करू शकतो हे लाखो लोकांना त्या एका उदाहरणाने पटले. वैद्यक पुढे गेले, पण आपल्या घरांत ती जुनी खाट अजून पडून आहे.

रुग्णाच्या डोक्यात आपल्या हृदयाविषयी कोणते चित्र आहे, याला किती महत्त्व असते हे न्यूझीलंडच्या कीथ पेट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार साध्या रीतीने दाखवले. त्यांनी रुग्णांना कागद-पेन्सिल देऊन स्वतःचे हृदय काढायला सांगितले. ज्यांनी हृदयावर मोठा डाग, मोठी इजा काढली, ते तीन महिन्यांनंतरही मागे होते. कामावर परतायलाही त्यांना जास्त वेळ लागला. हृदयाच्या स्नायूंना किती इजा झाली हे सांगणाऱ्या रक्तचाचणीपेक्षा त्या चित्रांवरून पुढचा अंदाज अधिक चांगला बांधता आला. याच गटाने २००२ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. रुग्णालयात असतानाच थोड्या बैठका घेऊन रुग्णाशी त्याच्या समजुतींविषयी बोलायचे, मग घरी गेल्यावर काय करायचे याचा आराखडा त्याच्याबरोबर बसून लिहायचा. ते रुग्ण लवकर कामावर गेले आणि छातीत दुखण्याच्या तक्रारीही त्यांच्यात कमी राहिल्या. इंग्लंडमध्ये बॉब लेविन यांनी अशाच चुकीच्या समजुतींवर काम केले: हृदय झिजले आहे, प्रत्येक कळीबरोबर त्याचा एक तुकडा मरतो, आता जपून जपून वापरायचे. असे मानणारा माणूस चालणे कमी करतो, चालणे कमी झाले की स्नायू ढिले पडतात, मग चार पावलांत दम लागतो आणि दम लागला की समजूत आणखी घट्ट होते. आपल्याकडे ‘हृदय कमजोर झालंय’ हे वाक्य रुग्णाच्या देखत, पाहुण्यांना चहा देता देता, किती सहज बोलले जाते.

आता घरच्या माणसांकडे येऊ. या सगळ्या विषयातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा प्रयोग १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेत स्टॅनफर्डला बार्र टेलर, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा आणि त्यांचे सहकारी यांनी झटक्यातून तीन आठवड्यांपूर्वी बाहेर पडलेल्या तीस पुरुषांची ट्रेडमिलवर चाचणी घेतली. त्यांच्या बायकांचे तीन गट केले. एका गटातल्या बाहेर थांबल्या. दुसऱ्या गटातल्यांनी नवऱ्याला पट्ट्यावर चालताना पाहिले. तिसऱ्या गटातल्यांनी पाहिले, आणि मग नवऱ्याने जितका चढ व वेग पेलला होता तितक्यावर स्वतः तीन मिनिटे चालूनही पाहिले. नवऱ्याच्या हृदयाला किती झेपेल, असे तिन्ही गटांतल्या बायकांना विचारले. पहिल्या दोन गटांतल्या बायका साशंकच राहिल्या. डोळ्यांनी पाहूनही विश्वास बसला नाही. तिसऱ्या गटातल्या बायकांचा अंदाज मात्र नवऱ्याच्या स्वतःच्या भरवशाइतका वर गेला. आपले पाय दुखले, आपल्याला धाप लागली, आणि हा माणूस एवढे करून उभा आहे, हे अंगाला कळावे लागले.

आपल्या घरांत काय होते? मुलगा स्कूटरची चावी काढून घेतो. सून पाण्याचा तांब्या हातात आणून देते. ‘बाबा, तुम्ही नका उचलू, मी धरतो.’ बायको रात्री उठून श्वास चालू आहे ना, ते बघते. कोणाला नाव ठेवण्यासारखे यात काही नाही, ते प्रेमच आहे. पण रोज पन्नास वेळा ‘तुम्ही नका’ ऐकणारा माणूस महिनाभरात स्वतःला म्हातारा समजू लागतो, चिडचिडा होतो किंवा गप्प होतो. बायपास झालेल्याने छातीचे हाड जुळेपर्यंत, साधारण सहा ते आठ आठवडे, वजन उचलायचे नाही हे खरे. पण त्या बंदीला मुदत आहे, हे घरात कोणी सांगत नाही. म्हणून ट्रेडमिलची चाचणी ठरेल तेव्हा बायकोला किंवा मुलाला बाहेरच्या बाकावर बसवू नये. तेवढेही जमले नाही, तर डॉक्टरांच्या परवानगीने सकाळी गावातल्या रस्त्यावर दोघांनी मिळून चालावे. वेग असा असावा, की चालताना बोलता आले पाहिजे. सुरुवातीला पाच-दहा मिनिटे, मग हळूहळू वाढवत अर्धा तास.

रुग्ण बाई असेल तर चित्र उलटे होते आणि त्याबद्दल बोलले जात नाही याची मला खंत आहे. तिला जपायला फारसे कोणी नसते. आठ-दहा दिवसांत ती पुन्हा गॅसजवळ उभी राहते. तिच्या चालण्याला वेळ नसतो, तिच्या तपासणीला कोणाची सुट्टी नसते, आणि थकव्याला ती स्वतःच ‘वयाचं’ म्हणते. स्टॉकहोममध्ये क्रिस्टिना ऑर्थ-गोमेर यांनी २३७ हृदयरुग्ण स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या काही जणींचे लहान गट बांधून वर्षभर बैठका घेतल्या. फक्त बायकांचे गट, विषय त्यांच्याच आयुष्यातले: घर, नोकरी, नवऱ्याचे आजारपण, स्वतःसाठी वेळ मागणे. २००९ मध्ये निष्कर्ष आले. सरासरी सात वर्षांत गटातल्या बायकांमध्ये मृत्यूचे प्रमाण ७ टक्के होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांमध्ये २० टक्के. अभ्यास लहान आहे, पण दुर्लक्ष करण्यासारखा नाही. वसई पट्ट्यात बचतगट आहेत, भजनी मंडळे आहेत, चर्चमधल्या बायकांचे गट आहेत. एकत्र बसण्याची सवय इथे घडवावी लागणार नाही.

मनाच्या आजाराचा आणि हृदयविकाराने येणाऱ्या मृत्यूचा संबंध ठोसपणे मांडला तो माँट्रियलच्या नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांच्या गटाने, १९९३ मध्ये. झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांपैकी ज्यांना नैराश्याने ग्रासले होते, त्यांचा सहा महिन्यांत मरण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ चौपट निघाला. पुढच्या अनेक अभ्यासांत आकडे थोडेफार बदलले, दिशा बदलली नाही. झटक्यानंतर साधारण पाचातल्या एकाला तीव्र नैराश्य येते. २०१४ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने नैराश्याला रक्तदाब-मधुमेहासारखाच धोक्याचा घटक मानावे अशी शिफारस केली. साधारण आठातल्या एकाला त्या रात्रीची दृश्ये पुन्हा पुन्हा दिसतात, झोपेची भीती वाटते, रुग्णालयाकडचा रस्तासुद्धा टाळावासा वाटतो. युद्धातून आलेल्या सैनिकांमध्ये जो मानसिक आघात ओळखला जातो, त्याच जातीचा हा त्रास आहे.

मग नैराश्यावर उपचार केले की हृदय वाचते का? इथे उत्तर सरळ मिळत नाही. २००३ मध्ये अमेरिकेत एन्रिच्ड नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. २,४८१ रुग्ण, त्यातल्या निम्म्यांना मानसोपचार. नैराश्य कमी झाले, एकटेपण कमी झाले, पण मृत्यू आणि पुन्हा येणारे झटके दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले, सुमारे २४ टक्के. त्याआधी १९९७ मध्ये माँट्रियलच्याच गटाला धक्का बसला होता. १,३७६ रुग्णांपैकी निम्म्यांना दर महिन्याला फोन करून मनःस्थिती विचारायची, त्रास जास्त दिसला तर परिचारिकेला घरी पाठवायचे, असा कार्यक्रम होता. फायदा झाला नाही. स्त्रियांमध्ये तर कार्यक्रमातल्या गटातच मृत्यू जास्त झाले. का, याची चर्चा अजून संपलेली नाही. मला त्यातून एवढे दिसते, की नुसते ‘कसं वाटतंय? काळजी वाटते का?’ असे विचारत राहणे निरुपद्रवी नसते. विचारणाऱ्याच्या हातात पुढचे पाऊल हवे.

स्वीडनमधल्या उप्सालाच्या चाचणीने दुसरी बाजू दाखवली. ३६२ रुग्ण, वर्षभरात वीस गटबैठका, आणि दोन बैठकांच्या मधल्या काळात घरी करायचे छोटे सराव: रांगेत मुद्दाम मागे उभे राहणे, जेवताना घाई न करणे, राग आला की लगेच न बोलणे. २०११ मध्ये निष्कर्ष आले. हृदय व रक्तवाहिन्यांच्या पुन्हा होणाऱ्या घटना ४१ टक्क्यांनी कमी. अमेरिकेत जेम्स ब्लुमेंथल यांनी २०१६ मध्ये १५१ रुग्णांवर दाखवले, की व्यायामाच्या पुनर्वसनाला ताण हाताळण्याच्या शिक्षणाची जोड दिली तर नुसत्या व्यायामापेक्षा घटना कमी होतात. औषधांचेही एक सांगायला हवे. सरट्रॅलिनसारखी नैराश्यावरची गोळी हृदयरुग्णांना सुरक्षितपणे देता येते, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. ‘मनाच्या गोळ्या हृदयाला बाधतात’ या भीतीने ती टाळण्याचे कारण नाही. अर्थात ती डॉक्टरांनीच द्यायची.

ताणाविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण आपल्याकडे प्रत्येक झटक्याचे कारण ‘टेन्शन’ असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांनी १९५९ पासून घाईत असणाऱ्या, स्पर्धेने पेटलेल्या, चटकन चिडणाऱ्या स्वभावाला ‘टाइप ए’ म्हटले आणि त्याचा हृदयविकाराशी संबंध जोडला. १९८६ मध्ये फ्रीडमन यांनी हजाराहून अधिक रुग्णांवर दाखवले, की हा स्वभाव बदलायला शिकवले तर साडेचार वर्षांत पुन्हा झटका येण्याचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १३ टक्क्यांपर्यंत खाली येते. पुढे कळले, की घाई आणि महत्त्वाकांक्षा फारशी दोषी नाहीत. धुमसता राग आणि लोकांविषयीचा कडवटपणा हे खरे घातक. २०१२ मध्ये जुनी कागदपत्रे तपासून आणखी एक गोष्ट उजेडात आली. टाइप एच्या संशोधनाला फिलिप मॉरिस या तंबाखू कंपनीचा पैसा होता. स्वभावाकडे बोट दाखवले की सिगरेटवरची नजर हटते. इंटरहार्टने २००४ मध्ये मानसिक ताणाला झटक्याच्या नऊ मोठ्या कारणांत मोजले. तंबाखू, रक्तातली चरबी, मधुमेह, रक्तदाब हीसुद्धा त्याच यादीत आहेत. टेन्शनवर सगळा दोष टाकणारा रुग्ण अनेकदा खिशातली पुडी तशीच ठेवतो.

आणि महाराष्ट्रातला प्रश्न पुडीचाच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले, त्यात धूर ओढणारे थोडे, चघळणारे आणि मशेरी लावणारे फार. ‘मी सिगरेट ओढत नाही’ असे डॉक्टरांना सांगणाऱ्या बाईच्या फडताळात मशेरीची डबी असते, आणि ती खोटे बोलत नसते, तिला कोणी नेमके विचारलेलेच नसते. हृदयविकार झाल्यावर धूम्रपान सोडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. एवढा फायदा देणारी गोळी क्वचितच असेल.

गोळ्यांचीही कथा मनाशीच जोडलेली आहे. महिना-दोन महिने बरे वाटले की ‘सवय लागेल’ म्हणून त्या बंद होतात. उपासाच्या दिवशी चुकतात. दात काढायचा म्हणून रक्त पातळ करणारी गोळी कोणालाही न विचारता थांबते. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात हे जिवावर बेतू शकते, स्टेंटमध्येच गाठ होते. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी एक दिवसही थांबवू नये. शरीरसंबंधांचा प्रश्न तर कागदावरही नसतो आणि ओठांवरही नसतो. जोडपी वर्षानुवर्षे वेगळी झोपतात, कारण विचारायचे कोणाला? साधा निकष असा: न थांबता दोन मजले चढून दम किंवा दुखणे जाणवत नसेल, तर बहुतेकांना हरकत नसते. फक्त सॉर्बिट्रेटसारखी गोळी चालू असताना लैंगिक ताकदीच्या गोळ्या घेऊ नयेत, रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो.

मराठी वाचकासमोर हा विषय आणला तो डॉ. अभय बंग यांनी. गडचिरोलीत आदिवासींच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या या डॉक्टरांना चव्वेचाळिसाव्या वर्षी झटका आला. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात त्यांनी आहार, चालणे, ध्यान, राग, प्रार्थना यांकडे स्वतःवरच्या प्रयोगाच्या नजरेने पाहिले. अनेक मराठी घरांत झटक्यानंतर भेट म्हणून दिले जाणारे ते पुस्तक आहे. त्यांच्या वाटेवर डीन ऑर्निश यांच्या कार्यक्रमाचा प्रभाव होता. ऑर्निश यांनी १९९० मध्ये अवघ्या ४८ रुग्णांवर दाखवले होते, की अगदी कमी चरबीचा शाकाहार, योग, व्यायाम आणि नियमित गटबैठका यांनी रक्तवाहिन्यांतले अडथळे किंचित मागे सरकू शकतात. ते स्वतः योग शिकले होते स्वामी सच्चिदानंदांकडे. भारतात योगाच्या मोठ्या परीक्षेचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले: २४ रुग्णालये, ३,९५९ रुग्ण, तीन महिन्यांत तेरा वर्ग. मृत्यू किंवा पुन्हा झटका यांत ठोस घट सिद्ध झाली नाही. मात्र योगाच्या गटाची तब्येत अधिक बरी राहिली आणि ते नेहमीच्या कामांकडे अधिक परतले. बंगांच्या पुस्तकाचे मोल मी जाणतो, पण एक अडचण आहे. आयुष्यच पालटून टाकण्याची मुभा आणि अभ्यास सर्वांपाशी नसतो. पंधरा दिवसांची रजा संपलेल्या माणसाला छोटी पायरी लागते.

ती पायरी कोण दाखवणार? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्प्रेड या भारतीय चाचणीत १४ रुग्णालयांतले आठशेवर रुग्ण होते; त्यातल्या साधारण निम्म्यांकडे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते गेले. हे डॉक्टर नव्हते. सुट्टीच्या आधी आणि नंतर वर्षभरात काही वेळा भेटून त्यांनी गोळ्यांची डायरी पाहिली, तंबाखू, चालणे आणि आहार यांची नोंद तपासली, अडचण ऐकली. वर्षअखेरीला या रुग्णांच्या गोळ्या अधिक नियमित होत्या, रक्तदाब आणि वजन कमी होते. माँट्रियलच्या फोनपेक्षा हा वेगळा प्रकार आहे, कारण प्रत्येक भेटीला हातात काम होते.

सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधी स्टेंटची किंमत तीस हजारांच्या आत बांधली. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून गरीब घरांतल्या अँजिओप्लास्टी आणि बायपास होतात. मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजारासारखेच स्थान द्यावे असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर २०२२ पासून मराठीतही बोलता येते. एवढे असताना रुग्णालयाचे दार आणि उमेळ्यातले घर यांच्यामधल्या पहिल्या तीन महिन्यांची जबाबदारी कोणाच्याही नावावर नाही. आशासेविकेला हे काम देता येईल: सुटल्यापासून आठवड्यात पहिली भेट, घरातल्या एका माणसाला समोर बसवून, कोणती बंदी किती दिवसांची ते सांगणे, गोळ्या मोजणे, मशेरीचे नेमके विचारणे, छातीत दुखले तर काय करायचे आणि १०८ केव्हा लावायचा ते भिंतीवर लिहून ठेवणे, झोप आणि उदासीचे दोन प्रश्न, आणि उत्तर काळजीचे असेल तर पाठवायचा पत्ता. त्यासाठी तिला चार दिवसांचे चांगले प्रशिक्षण लागेल आणि प्रत्येक भेटीमागे वेगळा मोबदला लागेल. आधीच वाकलेल्या तिच्या पाठीवर हे फुकट टाकून चालणार नाही.